घर क्रमांक ३१२ आणि त्यातील माझ्या मुलीचे नाव

मी, इदालिना मेदेइरोस, कै. झेफेरिनो मेदेइरोस यांची पत्नी, वय वर्षे बहात्तर, पूर्वी पडद्यांच्या कारखान्यात शिवणकाम, आता पेन्शन, राहणार सरकारी वृद्धनिवास, घर क्रमांक ३१२, ब्रेटन मिल्स, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही, असे डॉक्टर म्हणतात. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. मृत्युपत्र प्रथमच करीत असले, तरी गेल्या सतरा वर्षांत अर्ज इतके भरले आहेत की रकाना चुकणार नाही.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मैत्रीण हर्मिनिया तावारेस हिने करावी. ती माझी नात्याची नव्हे. गृहनिर्माण कार्यालयाच्या रांगेत भेटली. का तिलाच, ते पुढे येईल.

२. माझे जाड कापडाचे शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या आणि बॉबिनांचा डबा हर्मिनियाला द्यावा. मशीन कारखाना बंद पडला त्या वर्षी, म्हणजे २००८ साली, मालकाने हिशेबाऐवजी दिले. त्याच महिन्यात मी दोन याद्यांत नाव घातले: एक भाडे-मदतीची, ज्यात नंबर लागला की घरभाड्याचा मोठा भाग सरकार भरते; दुसरी वृद्धनिवासाची. खिडकीतली बाई म्हणाली होती, "सात-आठ वर्षं धरून चाला." मी धरून चालले.

३. बँकेत जे काही असेल त्यातून आधी माझे दफन व्हावे, साध्या पेटीत. उरेल ते माझी मुलगी नातेर्सिया हिचे. जेवणावळ घालू नये. केल या पालेभाजीचे सूप आणि गोड पाव पुरे.

४. माझा धाकटा भाऊ जिल्बेर्तो यास मी काहीही देत नाही. कारण लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको.

त्याच्या तीन मजली लाकडी घरात दुसऱ्या मजल्यावर मी आणि नातेर्सिया एकोणीस वर्षे भाड्याने राहिलो. भाडे एकदाही चुकवले नाही. २०१७ साली तो जिन्यात उभा राहून म्हणाला, "ताई, कॉलेजची पोरं दुप्पट द्यायला तयार आहेत. मी तरी काय करू?" मी म्हटले, "करायचं ते कर. पण आई असती तर तिच्यासमोर हे बोलला असतास का?" तरी त्याने महिन्याची मुदत दिलीच. आम्ही बेकरीमागच्या तळघरात गेलो. तिथे भिंतीला ओल होती, आणि ओलीत नातेर्सियाच्या फिट्स वाढल्या.

नवा पत्ता मी कार्यालयात जाऊन दिला. बाईने कागद घेतला, ट्रेमध्ये टाकला, हसलीसुद्धा. मला काय ठाऊक की दोन याद्यांना दोन निरनिराळे कागद लागतात! वृद्धनिवासाच्या यादीत पत्ता बदलला. भाडे-मदतीच्या यादीत जिल्बेर्तोचेच घर राहिले.

पुढच्या मार्चमध्ये त्याच्या घरी माझ्या नावाचे पत्र आले: आपला नंबर आला आहे, चौदा दिवसांत उत्तर द्यावे. ईस्टरच्या जेवणाला त्याने ते माझ्या ताटाशेजारी ठेवले. "हे काहीतरी तुझं आलं होतं गं." तारीख पाहिली. तेवीस दिवस झाले होते. मी विचारले, "जिल्बेर्तो, बेकरी तुझ्या घरापासून किती लांब आहे?" तो म्हणाला, "घर खाली करायला लावलं म्हणून तू चर्चच्या फादरांकडे माझी चुगली केलीस, मला राग होता. नुसतं पत्र आहे असं वाटलं."

नुसतं पत्र! दहा वर्षे, जिल्बेर्तो.

५. दुसऱ्या दिवशी खिडकीत बाईने संगणकाच्या पडद्याकडे बघूनच सांगितले, "तुमचं नाव कमी झालंय. नव्याने अर्ज करा."

"आणि माझी दहा वर्षं?"

"तारीख आजची धरणार."

मी सुनावणी मागितली. तीन महिन्यांनी मिळाली, नऊ मिनिटे चालली. टाय लावलेले गृहस्थ म्हणाले, "पत्ता कळवणं ही अर्जदाराची जबाबदारी आहे." मी म्हटले, "कळवला होता." ते म्हणाले, "पोच आहे?" पोच नव्हती. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि मला रडूसुद्धा आले नाही, इतका संताप झाला. शेजारी एक बाई जाडजूड फाइल मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाई, इथे तोंडाने बोललेलं वाऱ्यावर जातं. श्वास घेतलात तरी शिक्का मारून घ्या." ती हर्मिनिया. तिने त्याच दिवशी मला ग्रंथालयात नेऊन आजूबाजूच्या अकरा गावांच्या याद्यांचे अर्ज भरायला लावले. माझी हिरवी फाइल तिनेच सुरू केली. म्हणून मशीन तिचे.

६. वृद्धनिवासाचे हे घर २०२३ साली मिळाले, अर्जापासून पंधराव्या वर्षी. एक खोली, स्वयंपाकघर, हिटर चालतो. किल्ली हातात आली आणि मॅनेजर म्हणाला, "घर एकटीच्या नावावर आहे. मुलगी पाहुणी म्हणून वर्षात चौदा दिवस राहू शकते."

मी म्हटले, "ती चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि फिट येते तेव्हा तिला कुशीवर वळवावं लागतं. उरलेले दिवस कोण वळवणार, तुम्ही?"

"तिच्या नावाचा स्वतंत्र अर्ज करा," तो म्हणाला.

केला. डॉक्टरांचे पत्र जोडले. अर्ज टेबलावर पडून राहिला, आणि नव्वद दिवसांनी पत्र जुने झाले म्हणून परत आला. दुसरे पत्र दिले, तेही जुने झाले. तिसऱ्या वेळी मी आणि हर्मिनिया खिडकीसमोर खुर्च्या टाकून बसलो. मॅनेजर म्हणाला, "काकू, इथे असं बसता येत नाही." हर्मिनिया म्हणाली, "आम्ही पाहुण्या आहोत. चौदा दिवस बसू." त्या दिवशी कागद हलला. चौदा महिन्यांनी, ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, नातेर्सिया मेदेइरोस हे नाव घर क्रमांक ३१२ च्या कुटुंबपत्रात नोंदले गेले. शिक्का मारलेल्या तीन प्रती आहेत: हिरव्या फाइलमध्ये, हर्मिनियाकडे आणि फादरांकडे.

७. फादरांचे म्हणणे, मृत्युपत्रात भावाला क्षमा केल्याचे लिहावे. खोटे लिहिणार नाही. त्याचा अर्ज माझ्याकडे आहे, नंबर लागेल तेव्हा लागेल. दफनाला त्याने यावे. पेटीला खांदा देऊ नये.

८. हे कलम नातेर्सियासाठी. बाळ, हे नीट वाच, दोनदा वाच.

घर माझे नाही, म्हणून मी ते कोणाला देऊ शकत नाही. पण तुझे नाव कागदावर आहे, आणि ते माझ्यामुळे नव्हे, तुझ्या स्वतःच्या हक्काने आहे. मागच्या जुलैत शेजारच्या ३१० मध्ये राहणाऱ्या बाई गेल्या. त्यांच्या बहिणीचेही नाव नोंदलेले होते. तिला तीस दिवसांची नोटीस आली, ती घाबरली आणि किल्ली देऊन मोकळी झाली. मग तिला सांगण्यात आले की किल्ली दिली म्हणजे हक्क सोडला. नोटीस चुकून पाठवली गेली होती म्हणे. आता ती पुन्हा यादीत आहे, शेवटी. ते पाहून मी हे लिहायला बसले.

माझ्या मागे तुझ्याही दारावर कागद लागेल. कोणीतरी गोड बोलेल, म्हणेल, "किल्ली तात्पुरती द्या." त्याच दिवशी हर्मिनिया मावशीला फोन कर. तिच्याशिवाय कशावरही सही करू नकोस. गोळ्या वेळेवर घे. आणि किल्ली देऊ नकोस. मॅनेजर आला तर दार उघड, शिक्का दाखव, आणि मग दार लावून घे. घर तुझे आहे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, याबद्दल क्षमस्व.

सही: इदालिना मेदेइरोस

साक्षीदार:
१. डॉलोरेस व्हिएरा, नोकरी सार्वजनिक ग्रंथालय
२. स्टॅन्ली ब्रोझेक, राहणार घर क्रमांक ३०७

ठिकाण: ब्रेटन मिल्स
दिनांक: १६ ऑक्टोबर २०२५