रस्त्याकडच्या खोलीचे आणि चालू पुस्तकाचे मृत्युपत्र

मी, दगूबाई पितांबर पाटील, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती व घरकाम, राहणार शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉ. भाग्येश यांचा दाखला सोबत जोडला आहे, पण दाखल्यावर ज्याचा विश्वास नसेल त्याने माझ्याशी थोडा वाद घालून पाहावा. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. मजकूर वकील नवनीत यांनी टाइप केला. त्यांनी सुरुवातीला 'मानवी जीवन क्षणभंगुर असून' असे एक वाक्य घातले होते, ते मी काढायला लावले. माझ्या हृदयाची झडप खराब झाली आहे आणि येत्या सोमवारी सुरतेला ऑपरेशन आहे, म्हणून हा कागद. क्षणभंगुराचा काही संबंध नाही.

आमच्या घरात गुजरी बोलतात, बाजारात अहिराणी, आणि कागदावर मराठी लिहितात. त्याप्रमाणे हे मराठीत लिहिले आहे. मात्र कोणी जे बोलले ते त्याच्याच बोलीत ठेवले आहे. नवनीतला ते पसंत नाही. त्याची पसंती विचारलेली नाही.

कलम १. तापीकाठची जमीन, केळीची बाग, बोअर आणि ठिबकच्या नळ्या यांसह, माझा मुलगा हेमकांत याला. ती तो आताही करतोच. बांधाचे भांडण मी चुलत दिरांशी बसून मिटवले आहे, त्याने ते पुन्हा उकरू नये.

कलम २. पाटल्या माझी सून रोशनी हिला, सोन्याची पोत नात भूमिका हिला. बँकेतल्या ठेवीतून आधी ऑपरेशनचा खर्च व्हावा. उरेल ते हेमकांत आणि रोशनी यांना सारखे. रोशनीचे नाव वेगळे लिहिले आहे, ते चुकून पडलेले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी, कारण घरात सांगितलेले काम विसरत नाही अशी तीच एक आहे.

कलम ३. माझी नणंद कालीबाई हिने माझ्याकडून नेलेले प्रत्येक पुस्तक लोणच्याचा वास घेऊन परत आले. काही आलीच नाहीत. तिला पुस्तक नाही. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या तिला द्याव्यात, झाकणांसह.

कलम ४. राहते घर माझ्या नावावर आहे. मागच्या खोल्या, वरचा मजला आणि गच्ची हेमकांतला. रस्त्याकडच्या खोलीचे मात्र सावकाश लिहावे लागेल, कारण एवढा खटाटोप त्या खोलीसाठीच आहे. ती पाडून दोन गाळे काढावेत असे हेमकांतच्या मनात आहे. त्याला मी दोष देत नाही, रस्ता रुंद झाल्यापासून समोरच्या सगळ्यांनी तेच केले. तो मला म्हणाला, आई, त्या खोलीत आता बसतं तरी कोण? खरे आहे. बाजाराच्या दिवशी तिथे मी आणि नर्स रूथ अशा दोघीच बसतो. एके काळी दारात चपला ठेवायला जागा नसे.

पुस्तकांची ही बैठक सुरू झाली ती शहाद्याच्या एसटी स्टँडवर. माझे यजमान पितांबर बाजार आटोपून गावच्या गाडीची वाट पाहत तिथे बसत. हिलाल माळी तेव्हा स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे कोणती गाडी कुठे लागली ते खिडकीत बसून माइकवर पुकारणारे. त्यांच्या टेबलावर कायम एखादे पुस्तक पालथे घातलेले असे. एकदा यजमानांनी विचारले, काय वाची ऱ्हायना? हिलालभाऊ सांगू लागले, आणि सांगता सांगता आमच्या गावची गाडी पुकारायचे विसरले. गाडी रिकामी गेली, स्टँडवर बोंबाबोंब झाली, आणि या दोघांची दोस्ती जमली. पुढे आम्ही शहाद्याला घर बांधले तेव्हा यजमानांनी रस्त्याकडची खोली मुद्दाम मोठी काढली.

बैठकीत आल्यावर कसे आहात, काय चालले आहे, असले विचारायचे नाही. 'काय वाची ऱ्हायनात?' एवढेच विचारायचे. मग ज्याने त्याने आपले चालू पुस्तक काढावे, कुठवर आले ते सांगावे, काय पटले नाही त्यावर भांडावे. ज्याचे काही चालू नसेल त्याने तसे सरळ सांगावे, चहा त्यालाही मिळे. नियम एकच होता आणि तो मी घातलेला. समोरच्याचे वाचून झाले नसेल तर शेवट सांगायचा नाही. मी सातवी शिकलेली बाई, लग्नानंतर वाचायला लागले. शेवट आधी कळला की कोणी आपल्या ताटातला घास उचलला असे मला होते. एका मास्तरांनी नियम मोडला तर त्यांना महिनाभर बाहेर ओट्यावर चहा दिला होता. तेही मुकाट्याने प्याले.

कलम ५. या कलमात मिळकत नाही, पण ते गाळू नये. सात वर्षांपूर्वी यजमान नंदुरबारला दवाखान्यात होते. उशाशी एक जाड कादंबरी. तिचे नाव मी या कागदात लिहीत नाही. नवनीतने दोनदा विचारले, त्याला गप्प बसवले. त्यात एक माणूस घर सोडून समुद्रावर जातो, एवढे सांगायला हरकत नाही, ते पहिल्याच पानावर आहे. बरीच पाने उरली होती आणि यजमानांना पुस्तक हातात धरवत नव्हते. मी वाचून दाखवायला लागले की त्यांना ग्लानी येई.

हिलालभाऊ भेटायला आले. मी थर्मास भरून आणायला खाली गेले होते. परत आले तर दाराबाहेरच ऐकू आले, कारण आयुष्यभर माइकवर बोललेल्या त्या माणसाला हळू बोलता येत नाही. यजमान म्हणत होते, "हिलाल, मन्हाघाई आते पुरं व्हवाव नही. शेवट काय शे, सांग."

हिलालभाऊंनी खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तो घर येस, भाऊ. बायको दारमा उभी ऱ्हास. ती त्याले वळखस."

बरं व्हयनं, एवढेच यजमान म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे दिवसकार्याला, भर मंडपात, सगळ्या भाऊबंदांदेखत, मी हिलालभाऊंना सांगितले की माझ्या माणसाचा शेवटचा घास तुम्ही काढून घेतला, आता माझा उंबरा चढू नका. त्यांनी ऐकून घेतले, टोपी सारखी केली आणि गेले. त्यांच्यामागून बैठकीतली माणसे एकेक करून गळाली. कोणाला गुडघे आठवले, कोणाला नातवंडे. मी म्हटले, गेले तर जाऊ दे. ती कादंबरी फडक्यात बांधून कपाटात टाकली. बाजारात हिलालभाऊ समोरून आले तर ते रस्ता बदलत नसत, मीच बदलत असे.

सुरतेची तारीख मिळाली तेव्हा वाटले की हे एक राहून जायला नको. फडके सोडले आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतले. गेल्या आठवड्यात संपले. हिलालभाऊंनी सांगितलेला शेवट त्या पुस्तकात नाही. शेवटची पाने मी पुन्हा पुन्हा वाचली, मधे एखादे पान फाटले आहे का तेही पाहिले. जो शेवट आहे तो दवाखान्यात पडलेल्या माणसाला सांगण्याजोगा नाही. यापेक्षा जास्त लिहीत नाही, कारण हा कागद जे वाचतील त्यांच्यापैकी कोणाचे ते पुस्तक वाचायचे राहिले असेल. नाव का लिहिले नाही ते आता नवनीतलाही कळले असेल.

मी रोशनीला घेऊन रिक्षाने हिलालभाऊंकडे गेले. खरे सांगते, गेले ती भांडायलाच. ते खाटेवर बसून वाचत होते. मी विचारले, हिलालभाऊ, काय वाची ऱ्हायनात? त्यांनी हातातले पुस्तक वर करून दाखवले. मी म्हटले, यजमानांची ती कादंबरी मी वाचली, शेवटपर्यंत. त्यांनी पानात बोट घालून पुस्तक मिटले. मग मीच सुरू झाले. सात वर्षे तोंडाला कुलूप लावून का बसलात, मी मांडवात वाटेल ते बोलले तेव्हा एका शब्दाने सांगायचे होते की तुम्ही यजमानांना भलताच शेवट सांगितला म्हणून.

ते म्हणाले, "कसं सांगू, भाभी? तुम्हनं वाचनं बाकी व्हतं."

मला तिथेच रडू कोसळले. रोशनीसमोर कोसळले, त्याचेही काही वाटले नाही. तो माणूस घरी येतो हे खोटे, एवढे जरी ते म्हणाले असते तरी माझ्यापुरता शेवट फुटला असता. नियम घालणाऱ्या बाईने त्यांना नियम मोडला म्हणून हाकलले, आणि ते तोच नियम पाळत सात वर्षे घरी बसले. माझ्या नवऱ्याचे मरण या माणसाने सोपे केले आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्या.

कलम ६. सबब रस्त्याकडची खोली, कपाटे, सतरंज्या आणि चहाच्या भांड्यांसह, वापरासाठी हिलाल माळी यांच्या स्वाधीन करावी, आणि त्यांच्यानंतर रूथ गावित हिच्या. बाजाराच्या दिवशी तिथे दोन माणसे जरी एकमेकांना काय वाचता हे विचारत असतील, तरी बैठक चालू आहे असे समजावे आणि खोलीला हात लावू नये. एकच माणूस उरला किंवा कोणीच उरले नाही, तर खोली हेमकांतची. त्याने खुशाल गाळे काढावेत.

हेमकांतला हे मी आधीच सांगितले. तो चिडला, दुपारी जेवला नाही. संध्याकाळी मात्र खोलीतला बंद पंखा दुरुस्त करायला माणूस घेऊन आला. त्यावरून काय समजायचे ते मी समजले. हिलालभाऊंनाही विचारले. पहिले सुरतथून घर या, मंग दखू, असे म्हणाले. हो म्हणालेले नाहीत. मी गेल्यावर ते उंबरा चढतील की नाही याची मला काळजी आहे, ऑपरेशनपेक्षा जास्त आहे. मानी माणूस आहे. रोशनीने त्यांच्या घरी जाऊन हे कलम वाचून दाखवावे, आणि हाताला धरून त्यांना आणावे.

कलम ७. पुस्तके खोलीतच राहतील. अपवाद फक्त रूथचा. ती नवापूरकडची, इथे दवाखान्यात नर्स आहे, आणि बैठक ओस पडली तरी ड्युटी संपवून आल्याशिवाय राहिली नाही. माझी तिची मते कधी जुळली नाहीत. पुस्तकातल्या ज्या बाईला मी शहाणी म्हणावे तिला ती भित्री म्हणे, आणि रागाने बस चुकवून भांडत बसे. तिने कपाटातून हवी ती पुस्तके न्यावीत, कोणी मोजू नयेत. कपाटात कडुनिंबाच्या पाल्याबरोबर नंदुरबारची सुकी मिरची ठेवलेली आहे, त्याने कसर लागत नाही. दार उघडताना शिंका येतात.

कलम ८. 'चालू पुस्तक' म्हणजे माझ्या मृत्यूच्या दिवशी मी जे वाचत असेन ते. कायद्यात असा शब्द नाही असे नवनीत म्हणतो, म्हणून अर्थ लिहून दिला. चालू पुस्तक हेमकांतला. त्याने शाळा सुटल्यापासून केळीच्या भावाशिवाय काही वाचलेले नाही. वाचलेच पाहिजे अशी अट मी घालत नाही. वाचलेच, तर कसे वाटले ते हिलालभाऊंना जाऊन सांगावे.

कलम ९. माझ्या गंधमुक्तीला कोणी भाषण करू नये. मी प्रेमळ होते वगैरे तर मुळीच नको. ज्याला बोलल्याशिवाय राहवत नसेल त्याने आपण सध्या काय वाचतो ते सांगावे आणि खाली बसावे. ज्यांना काही मिळते त्यांनी साक्षीदार होऊ नये असे नवनीतचे म्हणणे पडले, त्यामुळे पुस्तकांचा नाद नसलेली दोन माणसे शोधावी लागली. डॉक्टर आहेतच. दुसरे नारसिंग पावरा, जे आमच्याकडे पुस्तकांची पार्सले आणून आणून कंटाळले आहेत.

कलम १०. नवनीत म्हणतो, मृत्युपत्रातले कलम मेल्यावर लागू होते, हे मरणाआधीचे आहे, ते इथे चालणार नाही. चालो न चालो, तू लिही, असे मी त्याला सांगितले. सुरतेला ऑपरेशननंतर मी शुद्धीवर असेन, पण पुस्तक माझ्याने धरवणार नसेल, आणि डॉक्टर हेमकांतला बाजूला घेऊन बोलू लागतील, तर त्याने हिलालभाऊंना गाडीत घालून माझ्याकडे आणावे. मी सोबत नेत आहे ते पुस्तक त्यांचे वाचून झाले आहे, मी विचारून घेतले. त्यांनी माझ्या उशाशी बसावे आणि शेवट सांगावा. नियम मोडल्याचा बोल त्यांना लागणार नाही. कोणता शेवट सांगायचा ते त्यांनी ठरवावे. खरा की खोटा, मी विचारणार नाही.

वरील सर्व मी स्वतः वाचले, नवनीतच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुधारल्या आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

ठिकाण: शहादा, रस्त्याकडची खोली
दिनांक: १५ जानेवारी २०२५

(सही) दगूबाई पितांबर पाटील

साक्षीदार:
१. (सही) डॉ. भाग्येश चौधरी, शहादा
२. (सही) नारसिंग पावरा, टपाल खाते, शहादा