दोघींत एक जागा

बाई, माझी नात आज नर्सिंगच्या परीक्षेत पास झाली. गुडघे विसरून सकाळपासून अख्ख्या चाळीत पेढे वाटत फिरले. समोरची म्हणते, आजी, परीक्षा तुमीच दिली की काय? व्हय म्हटलं, दिली होती, इंग्रज असताना. मग तुमची आठवण निघाली. अक्षर वाकडं आहे, पण ते तुम्हीच गिरवून घेतलेलं, तेव्हा चालवून घ्या.

तुमच्या हाताखाली सुईणपण शिकायला आम्ही दोघी, आणि दवाखान्यात ठेवून घ्यायची जागा एकच. दुसरी विणकरांची सून, घरात तेलुगू, तरी तुमचं एकदा ऐकलेलं तिला पाठ. पोटावर हात ठेवला की बाळाचं डोकं कुठं ते सांगायची. मी चाचपत बसायची. "हे डोकं हाय का खलबत्ता?" असं तुम्ही मला सगळ्यांदेखत म्हणालात. ती हसली नाही. दुपारी अर्धी भाकरी माझ्यापुढं सारून तिनं मला सगळं पुन्हा समजावलं. माझं दोन वर्षांचं पोर आईकडं होतं, नवरा गेलेला. मला ती जागा हवीच होती.

बाळंतिणीला शिवण्याआधी बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवायचे, हा तुमचा नेम. तिच्या सासूनं बजावलेलं, नवरा जिवंत असताना हात रिकामा दिसता कामा नये. गिरणीच्या चाळीत एका बाळंतपणाला तुम्ही आम्हा दोघींनाच धाडलंत. ती बांगड्या वर सरकवते, त्यावर फडकं बांधते, हात धुते. मी बघते. बाळ पायाळू होतं, तिनं अलगद सोडवलं. मला ते जमलं नसतं. पाचव्या दिवशी बाळंतिणीला ताप भरला, नवव्या दिवशी ती गेली. बाळंतिणीच्या घरच्यांनी बांगड्यांचं सांगितलं, आणि तुम्ही विणकरांच्या सुनेला त्याच पावली काढून टाकलंत.

मग माझं मनगट धरून दवाखान्यातल्या चौघींना दाखवलंत. "अक्कल पुष्कळींना असते. नेम पाळायला नेट लागतो, तो हिच्यात हाय."

बाई, मी विधवा. माझ्या हातात काढायला होतं काय?

नातीनं मघाशी विचारलं, आजी, तू कशी टिकलीस? नेटानं, म्हटलं. त्या दिवशी गिरणीच्या चाळीत, दारातच मी तिला "बांगड्या काढ" म्हणू शकले असते. शब्द तोंडाशी आला होता, मी गिळला. हे कुठं धाडायचं नाही. तुम्ही हयात असतात, तर लिहिलंही नसतं.