माती मऊ होईपर्यंत

केंब्रिज, ऑन्टारिओ
२ मे २०११

प्रिय दादास,

सप्रेम सलाम.

तुझी तब्येत बरी असेल आणि माधवीवहिनीचा गुडघाही जरा ऐकत असेल, असं धरून लिहायला बसले आहे. इकडे मी ठीक आहे. बर्फ एकदाचं गेलं. मागच्या अंगणात लसणाला हिरवे कोंब आलेत. इथे लसूण थंडीच्या आधी लावून ठेवतात, तो बर्फाखाली झोपतो आणि वसंतात वर येतो. अरविंदने ऑक्टोबरात लावला होता. कुठे लावला ते मला सांगितलं नव्हतं, त्यामुळे मागच्या आठवड्यात मी तिथेच कपडे वाळत घालायची दोरी बांधायला गेले आणि पाय टाकता टाकता थांबले.

आज इथे मतदान आहे. मिसेस वेबर मला गाडीतून घेऊन गेल्या. एल्सी वेबर म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या त्या ऐंशीच्या बाई, शनिवारी ज्यांच्या हातात फोन होता त्या. येताना ग्रोसरी केली. आता चहा ठेवलाय.

दादा, एक गोष्ट लिहायची आहे. ती एकदम लिहिता येत नाही, म्हणून आधी शनिवारचं सांगते. तुला फोनवर फक्त आवाज आले. इथे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही.

जानेवारीत अरविंद गेला तेव्हा तुला कळवलंच होतं. ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसून आला, बूट काढले, चहा मागितला आणि खुर्चीत बसला. मी आलं किसत होते. यापेक्षा जास्त त्याबद्दल मला अजून बोलता येत नाही.

आमचं देऊळ गावाबाहेर, ग्वेल्फच्या रस्त्यावर आहे. शेजारीच मंडळीची दफनभूमी. लहान आहे, हिवाळ्यात तिथे खणत नाहीत. जमीन दगडासारखी होते. देवळामागे एक जुनी दगडी खोली आहे, लोखंडी दाराची. थंडीत गेलेल्यांना तिथे ठेवतात आणि माती मऊ झाली की पुरतात. उपासना जानेवारीत झाली, दफन एप्रिलच्या शेवटी.

हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा मी एक वाक्य बोलले. तुला आठवत असेल. मी म्हणाले, "दादा, इथे परकी माणसंसुद्धा थांबतात."

 तू विचारलंस, जेवलीस का.

ते वाक्य मी मुद्दाम बोलले होते. अरविंद जाऊन दोन दिवस झाले नव्हते आणि मला ते सुचलं. इतक्या वर्षांत ते कुठे ठेवलं होतं कोण जाणे, पण हाताशी होतं.

मग थांबणं काय असतं ते मी पाहिलं. दर रविवारी गाडी लावायची ती जागा त्या खोलीच्या समोरच. उपासनेला जाताना लोखंडी दार, येताना लोखंडी दार. पहिल्या रविवारी वाटलं, बरं आहे, जवळ आहे. नंतर वाटेना. घरी त्याचे बूट दारात, कोट खुंटीवर, आणि तो ना इथे ना तिथे. अनुया म्हणायची, "आई, कोट तरी देऊन टाकूया." मी म्हणायचे, दफन होऊ दे. रात्री कडाक्याची थंडी पडली की मी पांघरूण वर ओढायचे आणि लगेच खाली लोटायचे, की त्याला तिथे आहे का पांघरूण. शिकलेली बाई मी, पण करायचे.

लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, एकदा असंच दारासमोर उभी होते आणि मला आईची आठवण आली. आपल्या आईची.

सात वर्षांपूर्वी ती गेली तेव्हाचा मे महिना, नगरचं ऊन. मी टोरंटोहून निघताना तू फोनवर म्हणालास, ये तू, आम्ही थांबतो. आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले तेव्हा कबरीवरची फुलं सुकायला लागली होती. तू फाटकापाशी उभा होतास. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हणाले, "तू थांबतो म्हणाला होतास." बस, तेवढंच. वहिनीने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगायचा प्रयत्न केला, की वीज गेली होती, बर्फाच्या लाद्या आणल्या त्या पोचेपर्यंत निम्म्या व्हायच्या, रात्रभर तू एकटा आईजवळ बसून होतास, कुणाला आत येऊ देत नव्हतास. मी ऐकलं सगळं. ऐकून घेतलं नाही.

त्या लोखंडी दारासमोर मला पहिल्यांदा ती रात्र दिसली. तू काय बघत बसला असशील ते दिसलं. आई किती टापटिपीची, आजारातही केस विंचरून घ्यायची. तू तिला तशीच जाऊ दिलंस. तिची लाज राखायला माझा राग अंगावर घेतलास, आणि मला कधी नीट सांगितलंही नाहीस, कारण सांगितलं असतंस तर मला तेच डोळ्यांपुढे राहिलं असतं. मी मात्र सात वर्षं हेच म्हणत राहिले, की एक दिवस धीर धरवला नाही. माझ्या समाधानासाठी आईने आणखी एक दिवस त्या उन्हात राहायला हवं होतं, असाच त्याचा अर्थ होता.

आता शनिवार.

ऊन पडलं होतं. वारा होता, पण कोट उघडे टाकण्याइतपत. मंडळी जमली. इथली सगळी म्हातारी शेतकरी माणसं. आई संध्याकाळच्या प्रार्थनेला म्हणायची ते गीत अरविंदला आवडायचं, म्हणून अनुयाने त्याचे मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून सगळ्यांना वाटले होते. एल्सीबाई म्हणाल्या, त्या रोज गाडी चालवताना पाठ करत होत्या. दोनदा वळण चुकलं.

तुला व्हिसा मिळाला नाही, म्हणून अनुयाने फोन लावला. तुमच्याकडे जेवणाची वेळ होती. एल्सीबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला, जसं प्रभुभोजनाचं ताट धरतात तसा. आम्ही गायला लागलो. आवाज पोचायला वेळ लागत होता, त्यामुळे पहिली ओळ संपली आणि मग फोनमधून तुझी पहिली ओळ सुरू झाली. आम्ही दुसरीवर, तू पहिलीवर. तू आणखी जोरात गायला लागलास. माझ्या बाजूचे म्हातारे गृहस्थ तुझ्याबरोबर गायला लागले, पलीकडच्या बायका पाळकसाहेबांबरोबर. कुणाचं काय चाललंय कळेना. असा गोंधळ मी कुठल्या दफनात पाहिला नाही.

शेवटी पाळकसाहेबांनी हात वर केला. म्हणाले, एकेक ओळ म्हणू या, आणि भारतातून भाऊ येईपर्यंत थांबू या.

तुला वाटलं असेल की ते गीत इतकं सावकाशच म्हणतात. नाही रे दादा. ओळ म्हणायची, मग सगळे गप्प. वारा. खड्ड्यापलीकडे खणणारे दोघे टोप्या काढून उभे. तीस-चाळीस माणसं एका फोनकडे बघत थांबलेली. मग तुझा आवाज यायचा, जरा घोगरा, बाबांसारखा. तो संपला की पुढची ओळ. पूर्ण गीत असं झालं. तिसऱ्या कडव्याला अनुयाला हसू आवरेना, तोंड रुमालात घालून ती हलत होती. तिचं बघून मला आलं. कबरीपाशी उभी राहून मी हसले, दादा, पोट धरून. रडतही होते. अरविंदला हे फार आवडलं असतं. त्याला आयुष्यात कधी तालात गाता आलं नाही.

मग मूठमाती. माती खरंच मऊ होती, ओलसर, काळी. हाताला चिकटली. एक मूठ मी टाकली, आणि एक तुझी म्हणून.

जेवण देवळाच्या बेसमेंटमध्ये होतं. हॅम, बटाटे, आणि अनुयाने केलेला मसालेभात, जो आधी संपला. सगळं आटोपल्यावर मी नेहमीप्रमाणे सिंककडे गेले. एल्सीबाईंनी माझ्या हातातून टॉवेल काढून घेतला आणि मला खुर्चीवर बसवलं.

इथे मला ती गोष्ट सांगायला हवी.

बाबा काय सांगायचे तुला आठवतं. मनात भावाविषयी अढी असेल तर प्रभुभोजनाच्या पेल्याला हात लावू नका, आधी जाऊन समेट करा. नगरहून परत आल्यावर पहिल्या प्रभुभोजनाला माझा हात पुढे होईना. तुझं पत्र आलं होतं, माफी मागितली होतीस. मी उत्तरात बायबलमधलं एक वचन लिहिलं आणि खाली "क्षमा केली आहे" असं लिहिलं. अक्षर छान काढलं होतं. पण पेला उचलता येईना. मग मी युक्ती काढली. प्रभुभोजनाच्या रविवारी पेले धुण्याचं काम मागून घेतलं. आमच्याकडे द्राक्षरसाचे छोटे छोटे काचेचे पेले असतात, प्रत्येकाला एक. प्रवचन संपलं की मी तयारी करायला म्हणून खाली जायचे आणि सगळं झाल्यावर धुवायला लागायचे. लोक म्हणायचे, नीरजा किती सेवा करते. मी आणखी करायला लागले. पडदे, फुलं, लेंटचे उपास. एक रविवार चुकवला नाही. अरविंद प्रवचनात खुशाल झोपायचा. म्हणायचा, पाळकसाहेबांचा आवाज चांगला आहे, झोप लागते. मला राग यायचा. एकदा मला म्हणाला, "देवाच्या घरी कधी पाहुणी म्हणून जा ना. तिथेही पदर खोचून का उभी असतेस?"  मला वाटलं, याला काही माहीत नाही.

एल्सीबाई आमच्या बाकाला ताट फिरवतात. शनिवारी त्या मला म्हणाल्या, की अरविंदने सात वर्षं पेला घेतला नाही. ताट आलं की हसून पुढे सरकवायचा. एकदा त्यांनी विचारलं, काही अडचण आहे का. तर म्हणाला, "घरी ती माझ्यासाठी जेवायची थांबते. कारखान्यातून कितीही उशिरा आलो तरी थांबते. इथे मी तिच्यासाठी थांबतो."

मला कधी बोलला नाही. विचारलं नाही, समजावलं नाही, तुझी बाजू घेतली नाही. नुसता थांबला. आणि मी खाली गरम पाण्यात हात घालून उभी.

मी एल्सीबाईंना म्हणाले, आता तर तो घेऊ शकत नाही. त्या म्हणाल्या, "त्याला आता मोठ्या टेबलावर जागा मिळाली आहे. तुझं काय ते बघ."

काल रविवार होता. प्रभुभोजन होतं. प्रवचन संपल्यावर पाय सवयीने जिन्याकडे निघाले. अनुयाने माझी ओढणी धरून ठेवली. म्हणाली, "आई, जस्ट सिट." बसले. पाळकसाहेब म्हणाले, हे टेबल प्रभूने मांडलं आहे, किंमत त्याने भरली आहे, आपण फक्त यायचं. हे ते दरवेळी म्हणतात. जिन्यात मला अर्धंच ऐकू यायचं.

दादा, मी सात वर्षं मेजवानीचं आमंत्रण हातात घेऊन भांडी घासत होते. माझी चूक पोटात घालायला प्रभूने माझ्या पडद्यांची आणि फुलांची वाट पाहिली नाही. तू तर नाहीच पाहिलीस. दर नाताळला तुझं पत्र येतच राहिलं.

ताट आलं. एल्सीबाईंच्या हातातल्या ताटात पेले किणकिणत होते. मी एक उचलला. द्राक्षांचा रस असतो, गोडच असतो. तरी मला विसर पडला होता की इतका गोड असतो.

नंतर पेले अनुयाच्या नवऱ्याने, निमिषने, धुतले. दोन फोडले. आणि मी वर बसून लोकांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि कुणाला काही वाटलं नाही.

आता तुला सांगायचं ते. मागे मी क्षमा केली आहे असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. आज लिहीत नाही, कारण क्षमा करण्यासारखं तू काही केलंच नव्हतंस. मला हवी आहे, तुझ्याकडून. पण त्यासाठी सुंदर अक्षरात पत्र नको. मी येते आहे. जुलैत, लसूण काढला की निघेन. थोडा घेऊन येईन, वहिनीला फोडणीत घालायला. इथला लसूण तिखट कमी, पण अरविंदचा आहे.

तू फाटकापाशी उभा राहू नकोस, ऊन नसलं तरी. पाय दुखतात तुझे. आईच्या कबरीवर आपण संध्याकाळी जाऊ, आणि ते गीत एकाच वेळी म्हणून बघू, जमतंय का.

विमान मुंबईला पहाटे उतरतं, पण पुढचा रस्ता तुला माहीत आहे. पोचायला उशीर झाला तर माझ्यासाठी थांबू नका, जेवून घ्या. मी येतेच आहे.

तुझी,
नीरू