शेगावचा नारळ

आई, परवा समोरच्या काकूंनी ओट्यावरून हाक मारली, "शेगावले कधी जाशीन वं? नारळ द्याचा हाय." तू गेलीस त्याला अठरा वर्षं झाली, पण त्यांचा नारळ काही थांबलेला नाही.

बाबा गेले आणि आपल्या दोघींच्या रक्तातही एचआयव्ही निघाला. गोळ्या तेव्हा अकोल्याला मिळायच्या. दर महिन्याला अकोला कशाला, असं कोणी विचारू नये म्हणून तू गल्लीत सांगितलंस, शेगावचं दर्शन धरलंय. थाप चांगली होती, शेगाव रेल्वेच्या वाटेतच. पण देवाला जाणाऱ्या बाईच्या हाती लोक नारळ देतात, हे तुझ्या लक्षात आलं नाही. काकूंनी पहिल्याच महिन्यात दिला. मग काय! दवाखान्यातली रांग संपवून येताना तू मला ओढत शेगावला उतरायचीस, नारळ फोडायचीस आणि अर्धी वाटी प्रसाद म्हणून काकूंना नेऊन द्यायचीस. मी कुरकुरले की म्हणायचीस, "चाल गुपचूप. लोकांशी खोटं बोललो, देवाशी नाही बोलाचं."

आता गोळ्या आपल्या खामगावातच मिळतात. दवाखान्याच्या खिडकीतली मुलगी माझं नाव मोठ्यानं पुकारते, कोणी मान वळवत नाही. नवऱ्याला लग्नाआधीच सांगितलं होतं. आमची मुलगी तपासणीत निरोगी निघाली. तरी काकूंच्या नारळापायी मी शेगावला जातेच.

परवा मात्र बोलून टाकलं. मी कामावर असते तेव्हा मुलगी काकूंकडेच असते. उद्यापासून नको म्हणाल्या तर?

"काकू, आम्ही एचआयव्हीच्या गोळ्या आणायला जात होतो. मी अजून घेते."

काकू तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "मले ठाऊक होतं. तुही माय वाळत चालली होती, दिसत नव्हतं का? तुमच्यासाठीच तं बोलली होती मी नवस." मग खाली बघत म्हणाल्या, "पण तुमच्या हातचा प्रसाद घरात नाही नेला कधी. गाईले टाकत होती. भेव वाटे."

मला फार राग आला, आई. अंगात ताप असताना तू उतरायचीस त्या प्रसादासाठी. मी तसं तोंडावर म्हटलं. "चुकलंच माह्यं," त्या म्हणाल्या. भीती कधी गेली ते त्यांनाही सांगता येईना. "टीव्हीवर सांगत, डॉक्टर सांगत. मंग ह्या पोरीले खेळवू लागली, अन् गेली कवातरी." मुलीच्या डब्यात माझ्या हातची अर्धी पोळी उरली होती. ती त्यांनी चहात बुडवून खाल्ली आणि म्हणाल्या, "उद्या पोरीले लवकर धाड. नारळ घेऊन जा."

हे पत्र गोळ्यांच्या डब्यात ठेवते, दुसरीकडे कुठे टाकणार?

एक मात्र मी त्यांना सांगितलं नाही. शेवटच्या दोन महिन्यांत तुझ्यानं शेगावला उतरवेना, म्हणून नारळ तू अकोल्याच्या फलाटावरच फोडलास. आपल्यासाठीचा नवस त्या दोन महिन्यांत चुकला आणि म्हणून तू गेलीस, असं काकूंना वाटायला नको. मला मात्र ते अजून कधीकधी वाटतं.