शेवटच्या कडव्यापर्यंत

चिखली, ता. ६ जानेवारी १९६८

चि. सौ. गीतास अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम. पत्राचे कारण आपला ग्रामोफोन. दिवाळीपासून त्याने छळ मांडला आहे. गाणे झोकात सुरू होते आणि शेवटच्या कडव्याला गाणारी बाई एकदम बाप्यासारखी रेकायला लागते. स्प्रिंग गेली, दुसरे काय! तेहतीस वर्षे बोलपटांच्या रेकॉर्डी जमवल्या, पण एकही गाणे मला अर्धवट ऐकवत नाही.

आमचे चिरंजीव रंगराव म्हणतात, विजेवरचा घ्या, बटण दाबले की झाले. मग माझे काम काय उरले? ग्रामोफोन रंगरावाबरोबर तुमच्याकडे पाठवत आहे. आमच्या मेहुण्यांनी, उकंडरावांनी, तो खामगावच्या मिस्त्रीला दाखवावा. स्प्रिंग मिळाली नाही तर साऱ्या रेकॉर्डी स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याला देऊन टाकीन. तो कधीचा मागे लागला आहे. घरात त्या मुक्या पडलेल्या मला बघवणार नाहीत.

आठवण ठेवणे.
तुझा भाऊ, भगवंत

पिंपळगाव राजा, ता. १७ जानेवारी १९६८

ती. भाऊंस गीताचा कृ. सा. न. वि. वि.

सोबत तीळगूळ आहे. आधी तो खा, कारण पुढचा मजकूर तेवढा गोड नाही.

हे ग्रामोफोन घेऊन खामगावला जाऊन आले. मिस्त्रीने पुरती चावी देऊन रेकॉर्ड लावली, तर गाणे शेवटपर्यंत सरळ गेले. तो यांना म्हणे की, स्प्रिंगले काहीच झालं नाही, तुमचे पाहुणे चावी अर्धीच देऊन राह्यले.

भाऊ, रागावू नका. भाऊबीजेला तुम्ही टोपी डाव्या हाताने सारखी केलीत. उजवा खांदा वर जात नव्हता. ओवाळताना मी पाहिले आणि सणासुदीला कशाला म्हणून गप्प बसले. थकला आहे तो तुमचा हात. हे लिहिताना मला रडू आले.

ग्रामोफोन मी परत पाठवत नाही. तुम्हीच रेकॉर्डी घेऊन इकडे या. तो घरात आला तेव्हा मी परकरी पोर होते. चावीला नुसते बोट लावले तरी तुम्ही चापटी द्यायचात. सासरी आले तरी ती चावी काही मिळाली नाही. आता मिळाली आहे, ती सोडणार नाही.

हॉटेलवाल्याकडे फिरकाल तर माझी शपथ आहे.
तुमची धाकटी, गीता

चिखली, ता. २५ जानेवारी १९६८

चि. सौ. गीतास अ. उ. आ.

तुझे पत्र वाचून भयंकर राग आला. त्या मिस्त्रीला काय कळते, म्हणून रंगरावापाशी खूप बडबडलो. मग खुंटीवरचा कोट उजव्या हाताने काढायला गेलो. निघाला नाही. रंगरावाने काढून दिला. वाईट वाटले, गीता. गाणी म्हातारी होत नाहीत, तेव्हा आपणही होणार नाही, असे धरून चाललो होतो.

हॉटेलवाल्याला नाही म्हणून सांगितले. रविवारच्या एस.टी.ने येतो. निवडक रेकॉर्डी घोंगडीत गुंडाळून मांडीवर आणीन, टपावर टाकू देणार नाही. उकंडरावांना स्टँडवर पाठव. वांग्याचे भरीत कर.

चावी तूच दे. सावकाश फिरव, हिसका देऊ नकोस, घट्ट लागली की थांब. मी शेजारी बसेन, पण हात मांडीवर ठेवून. इतकी वर्षे गाणे सुरू असताना माझे निम्मे लक्ष स्प्रिंगकडेच असायचे. आता शेवटचे कडवे तुझ्या भरवशावर ऐकीन.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा भाऊ, भगवंत