वंशावळीतली चांदणी

मी, कॉलेजात लॅटिन शिकवून निवृत्त झालेला आणि उभी हयात एका विशेषणापायी घालवलेला म्हातारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्या शुद्धीविषयी धाकट्या भावाला शंका असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर माझ्या मुलीचे. पत्नीला स्मशानात पोचवून आलो त्या संध्याकाळी, मुलगी आत चहा करत असताना, भाऊ मला म्हणाला होता, "दादा, पोरगी गुणाची आहे, पण दत्तक. आपल्या रक्ताची नाही. घराचं जरा जपून." ते तिने ऐकले. मीही विसरलेलो नाही.

२. भावाला उत्तर म्हणून माझा शब्द सांगतो. 'ब्लांकुस', म्हणजे पांढरा. रोमनांच्या लिखाणात तो सापडत नाही. फ्रेंचमधला ब्लां, स्पॅनिशमधला ब्लांको, इटालियनमधला ब्यांको ही त्याची लेकरे. त्यांच्या तोंडवळ्यावरून आम्ही बापाला ओळखले. असा न पाहिलेला शब्द छापताना आधी चांदणीची खूण करतात. शिवाय तो मूळचा लॅटिनचा नव्हेच, जर्मानिक बोलींतून आलेला. तिकडे अर्थ चकाकणारा. घरात पांढऱ्यासाठी 'आल्बुस' होताच, तरी या तिन्ही भाषांत संसार पाहुण्यानेच पुढे नेला. रक्ताचे काय घेऊन बसलास?

३. या शब्दावरच्या टिपणांच्या चिठ्ठ्यांचे खण नातीला. मागच्या बाजू कोऱ्या आहेत, चित्रे काढावीत. निम्म्यांवर काढून झालीच आहेत.

४. मागच्या खोलीतला वंशावळीचा तक्ता हलवू नये. मुलीने तो शाळेसाठी काढला, तेव्हा विचारले होते, "बाबा, मला जन्म देणारीला कुठे लिहू?" अनाथाश्रमात त्या बाईचा कागद नव्हता. तिने एक चौकट रिकामी ठेवली. बाळा, आता सांगतो. तू डावखुरी, तुझी लेक डावखुरी. विनोद सांगण्याआधीच दोघींना हसू फुटते. हे आमच्याकडचे नाही, जावयाकडचेही नाही. म्हणून त्या चौकटीत मी काल चांदणी काढून लिहिले आहे: 'डावखुरी, हसरी आई.' तिला कोणी पाहिले नाही, पण ती होती. तिचे माझ्यावर फार उपकार आहेत.

५. आरामखुर्ची भावाकडे आजच पाठवली. मी उठलो की तो तिच्यात बसतोच. माझा त्याच्यावर जीव आहे. मागाहून कुरबूर नको म्हणून साक्षीलाही त्यालाच बोलावले आहे.

स्थळ: मागची खोली.
तारीख: नऊ मार्च. मुलीला घरी आणले तीच.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार:
शेजारचे शिंपी (सही)
धाकटा भाऊ (सही. खाली त्याच्याच अक्षरात: दादा, वाचलं. डॉक्टरांचा दाखला काढून टाक.)