काळ्या ट्रंकेची किल्ली

मैत्रेयी,

मी पीटीला निघालोय. तुझा आत्ता कुठे डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. शाळेच्या बसवाल्या भैयांना गेटवर सांगतो, आज तू येत नाहीस. आई सोलापूरहून परवा येईल, तोवर तिला काही कळवू नकोस.

जयपूरला बदली झाल्यापासून तुला झोप नाही आणि मी तुझ्या मोबाईलला दोष देत चिडत राहिलो. आठ दिवस तो माझ्या काळ्या ट्रंकेत कुलपात होता. रात्री तीनला पाणी प्यायला उठलो, तर तू अंधारात भिंतीला टेकून नुसती बसलेली. किल्ली या चिठ्ठीखाली ठेवलीय, मोबाईल काढून घे.

वीस वर्षं जवानांना पहाटे उठवतोय. तुला झोपवायचं कसं, ते मला येत नाही.

पप्पा